हिवाळ्यात घरात फुलणारे कंद : थोड्या भांडवलाचा जोडधंदा

लग्नसराई आली की अमळनेरच्या बाजारपेठेत प्रत्येक दुकानदार आपली शोकेस सजवतो. बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची फुले असतात आणि दोन महिन्यांत त्यांवर धुळीचा थर बसतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या कापड दुकानाच्या काउंटरवर काचेच्या वाटीत खडे आणि पाणी घालून नर्गिसचे पाच कंद ठेवले. माती नाही, खत नाही. महिन्याभराने पांढऱ्या फुलांचे घोस आले आणि वास दुकानाबाहेर जाऊ लागला. साडीचा भाव विचारण्याआधी गिऱ्हाईक त्या वाटीचा भाव विचारू लागले. तेव्हा लक्षात आले की या फुलांत तिजारतही आहे.

नंतरच्या हिवाळ्यांत मी या धंद्यात थोडे कमावले आणि एकदा चांगलेच गमावले. बागवान बंधू, फुलवाले, भांडी बनवणारे कारागीर आणि घरबसल्या काही करू पाहणाऱ्या भगिनी यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे मांडतो.

नावे ओळखीची, फुले अनोळखी

ज्यांनी उर्दू शाळेत शिक्षण घेतले त्यांना नर्गिस, सुंबुल आणि लाला ही नावे पाठ आहेत. शायरीत नर्गिस म्हणजे डोळा, सुंबुल म्हणजे केसांची बट आणि लाला म्हणजे काळजावरचा डाग. पण खानदेशात ही फुले कोणी पाहिली? मीही शाळेत ती केवळ शब्दांतच पाहिली. आज बाजारात सुंबुलला हायसिंथ म्हणतात आणि लालाला ट्यूलिप. तिन्ही फुले कंदापासून येतात. चौथे फूल ॲमॅरिलिस लिलीचे. तिच्याच कुळातली तांबडी लिली आपल्याकडे अनेक अंगणांत उन्हाळ्याच्या तोंडी फुलते.

आपला निशिगंध, म्हणजेच गुलछडी, उर्दूत गुले-शब्बो, हाही कंदच आहे. सेहरा, वेणी आणि मांडव यांसाठी त्याला तोड नाही. पण तो उष्णतेचा दोस्त आहे. थंडीत त्याची वाढ मंदावते आणि घरातल्या कुंडीत, कमी उजेडात तो हिवाळी सजावटीसाठी उपयोगी पडत नाही. त्यामुळे त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

कंद म्हणजे बांधलेले गाठोडे

कांदा उभा चिरला तर आत पापुद्रे दिसतात आणि मध्यभागी कोंब असतो. हायसिंथचा चांगला कंद हंगामाअखेर असाच चिरला तर मध्यभागी फुलांचा बारीक तुरा तयार झालेला दिसतो. म्हणजे फूल आपण बनवत नाही. ते कंद आपल्या हाती येण्याआधीच आत बनलेले असते. पापुद्र्यांत त्याची शिदोरीही भरलेली असते, म्हणून ते नुसत्या पाण्यावर उमलू शकते.

आपले काम तीन गोष्टी देण्याचे : थंडी, अंधार आणि वेळ. कोणत्या कंदाला यांतले काय आणि किती हवे, एवढे समजले की निम्मा धंदा समजला.

थंडीची गरज का पडते, तेही पाहू. ट्यूलिप आणि हायसिंथ हे मूळचे कडक हिवाळ्याच्या मुलखातले. अनेक आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय त्यांचा दांडा नीट लांबत नाही आणि फूल पानांतच अडकून राहते. श्रीनगरला दल सरोवराजवळ २००७ साली सुरू झालेल्या ट्यूलिप बागेत ही थंडी अल्लाहच्या कुदरतीने फुकट मिळते. दिल्लीत रस्त्याकडेला ट्यूलिप लावतात, पण ते कंद आधी शीतगृहात थंड करून घेतलेले असतात. खानदेशात ऑक्टोबरची उष्णता आपण जाणतोच. येथे थंडी फ्रिजमधूनच द्यावी लागते.

कोणता कंद घ्यावा?

नवख्याने पहिल्या वर्षी फक्त दोनच घ्यावेत : नर्गिस आणि ॲमॅरिलिस.

बाजारात ‘पेपरव्हाइट’ नावाने मिळणाऱ्या नर्गिसला थंडी लागत नाही. ती लावल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फुलते. ॲमॅरिलिसलाही लावल्यानंतर थंडी नको असते. वीस-चोवीस अंशांची ऊब तिला मानवते आणि सहा ते आठ आठवड्यांत मोठी फुले येतात.

हायसिंथ दुसऱ्या वर्षी करून पाहावा. त्याला दहा ते बारा आठवडे थंडी हवी. ट्यूलिपला चौदा-सोळा आठवडे लागतात आणि नंतरही खोली थंड हवी. आपल्या घरात दांडा आखूड राहतो आणि फूल चार दिवसांत झडते. धंद्यासाठी ट्यूलिपच्या मागे लागू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

जसा सुताला नंबर असतो तसा कंदालाही असतो. कंदाचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजतात. नर्गिस १४ ते १६, हायसिंथ १७-१८ किंवा जास्त, ॲमॅरिलिस २६ च्या वर असेल तर माल चांगला समजावा. लहान नंबर स्वस्त मिळतो, पण फुले कमी येतात किंवा येतच नाहीत. कंद हातात घेऊन पाहावा. तो घट्ट आणि जड हवा. बूड मऊ असेल, बुरशी असेल किंवा वजनाला हलका लागत असेल तर बाजूला काढावा. वरची साल सुटलेली असेल तर मात्र हरकत नाही.

नर्गिसची रीत

चार बोटे खोल, बुडाला भोक नसलेले भांडे घ्यावे. नदीतले गोटे धुऊन त्यात दोन बोटांपेक्षा थोडा जास्त थर द्यावा. त्यावर कंद टोक वर करून जवळजवळ ठेवावेत आणि आणखी खडे टाकून खालचा तिसरा हिस्सा रोवावा. पाणी फक्त बुडाला टेकेल इतकेच. कंद पाण्यात बसला तर सडतो. बहुतेक नुकसान जास्त पाण्यामुळेच होते.

पहिले दहा-बारा दिवस भांडे थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावे. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या खोलीत, जमिनीवर. पत्र्याच्या छपराखाली नको. मुळे धरली आणि कोंब तीन-चार बोटे झाला की उजेडाच्या खिडकीत आणावे. रोज भांडे थोडे फिरवावे, नाहीतर सगळे दांडे एकाच बाजूला झुकतात.

परदेशी लेखांत दांडा आखूड राहावा म्हणून पाण्यात थोडे मद्य मिसळायला सांगतात. आपल्याला त्याची गरज नाही. सकाळचे कोवळे ऊन, रात्रीची थंड हवा आणि बांबूच्या दोन काड्यांना बांधलेला सुती दोरा, एवढ्याने काम भागते.

फुले आठ-दहा दिवस टिकतात, उबदार खोलीत त्याहून कमी. रात्री भांडे अंगणात आणि दिवसा घरात ठेवले तर दोन-तीन दिवस जास्त मिळतात. वास तीव्र असतो आणि काहींना तो सोसत नाही. दवाखान्यात आणि लहान बंद खोलीत नर्गिस देऊ नये.

ॲमॅरिलिस आणि हायसिंथ

ॲमॅरिलिसला माती हवी. कंदापेक्षा दोन बोटे रुंद, पण जड आणि भोक असलेली कुंडी घ्यावी. फुले वजनदार असल्याने हलकी कुंडी उलटते. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू भरावी. कंद निम्म्याहून जास्त मातीबाहेर राहू द्यावा. कोंब येईपर्यंत पाणी अगदी बेताने. फुले झाल्यावर दांडा कापावा, पाने कापू नयेत. पाने पुढच्या वर्षाची शिदोरी भरतात. हा कंद वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या हवेत तो पुढे डिसेंबरात न फुलता उन्हाळ्याच्या तोंडी फुलेल, पण फुलेल. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितले तर त्याला सौदा महाग वाटत नाही.

हायसिंथ कागदी पिशवीत किंवा जाळीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. तापमान पाच ते नऊ अंश असावे, बर्फ होऊ नये. प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाम सुटून बुरशी येते. मुदत पूर्ण झाली की अरुंद गळ्याच्या काचेच्या भांड्यावर असा बसवावा की पाणी बुडाच्या किंचित खाली राहील. मुळे खाली उतरेपर्यंत अंधार, मग उजेड. बाहेर काढल्यापासून तीन-चार आठवड्यांत तुरा उमलतो. हायसिंथच्या कंदाने हाताला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

केळीच्या जिल्ह्यातला धोका

आता माझ्या नुकसानीची गोष्ट. एका वर्षी हौसेने ट्यूलिपचे कंद मागवले. तीस भांड्यांची आगाऊ नोंदणी करून पैसेही घेतले. कंद घरच्या फ्रिजमध्ये साडेतीन महिने ठेवले. त्याच फ्रिजमध्ये घरातल्या आजारी माणसासाठी सफरचंदे असत. कंद लावले, पाने हिरवीगार आली, कळ्याही दिसल्या. पण कळी उघडेना. चिमटून पाहिली तर आत वाळलेल्या कागदासारखे फूल. तीसही भांडी वाया गेली.

कारण शोधले तेव्हा ते आपल्या जिल्ह्याचेच निघाले. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. रायपनिंग चेंबरमध्ये रावेर-यावलची हिरवी केळी याच वायूने पिवळी करतात. हा वायू केळीला पिकवतो, पण कंदाच्या पोटातली कळी मारतो. बाहेरून कंद ठणठणीत दिसतो, आतला माल मेलेला असतो.

म्हणून जळगाव जिल्ह्यात हा धंदा करणाऱ्याने एक नियम पक्का ठेवावा : कंद आणि फळ एका छताखाली नको. केळी, सफरचंद, टोमॅटो, आंबा असलेल्या फ्रिजमध्ये नको. फळांच्या शीतगृहात ओळखीने जागा फुकट मिळाली तरी नको. बागवान बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्या दुकानात फळे असणारच. जुना, पण चालू स्थितीतला फ्रिज फक्त कंदांसाठी ठेवणे हाच खरा उपाय.

तारीख उलटी मोजा

कापडात सणाच्या आधी माल दुकानात हवा, सणानंतर तो पडून राहतो. फुलांत तर पडून राहण्याचीही सोय नाही. म्हणून विक्रीच्या दिवसापासून उलटे मोजावे.

नाताळ आणि नववर्षासाठी नर्गिस हवी असेल तर २० नोव्हेंबरच्या सुमारास लावावी. सगळी एका दिवशी लावू नये. पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन खेपा कराव्यात, म्हणजे एक खेप चुकली तर दुसरी हाती येते. ॲमॅरिलिस नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावावी.

हायसिंथचा हिशेब वेगळा. आयात कंद आपल्यापर्यंत पोहोचायला बहुधा ऑक्टोबर उजाडतो. १५ ऑक्टोबरला फ्रिजमध्ये ठेवले तर बारा आठवडे ७ जानेवारीला भरतात आणि फूल येते जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे असे कंद घेऊन नाताळसाठी हायसिंथ कबूल करणे ही फसवणूक ठरेल, मग ती अजाणतेपणी का होईना. पण २६ जानेवारीनंतरची लग्नसराई त्याला बरोबर सापडते.

दोन हंगामांच्या मधे कंद साठवून ठेवण्याचा विचार करू नये. आपल्या मे महिन्याच्या उन्हात कंद टिकत नाहीत. जेवढे खपतील तेवढेच आणावेत.

खर्चाचा हिशेब

नुसत्या कंदाला मोठा भाव येत नाही, तयार भांड्याला येतो. येथे आपल्या कारागिरांना संधी आहे. कुंभाराची उथळ परळ, कलई केलेला जुना कटोरा, पत्र्याचा रंगवलेला डबा, सुताराची छोटी पेटी, काहीही चालते. धातूच्या भांड्यात कंद थेट लावू नये. आत प्लास्टिकची किंवा मातीची वाटी ठेवावी.

भाव ठरवताना आणलेले कंद मोजू नयेत, विकण्याजोगी भांडी मोजावीत. समजा, कंद, भांडे, खडे आणि मजुरी मिळून एका भांड्याला १०० रुपये पडले आणि २० भांडी केली. खर्च २,००० रुपये. त्यांपैकी चार बिघडली तर उरलेल्या १६ भांड्यांचा खर्च प्रत्येकी १२५ रुपये झाला. नफा या १२५ वर मोजावा. शंभरावर मोजणारा हंगामाच्या शेवटी तोट्याचे कारण शोधत बसतो. पहिल्या वर्षी तर एवढेच भांडवल घालावे की सगळे बुडाले तरी घरखर्चाला हात लागू नये. कर्ज काढून हा धंदा करू नये.

सौदा कळी दिसल्यावर

आता सर्वांत महत्त्वाची बाब. गिऱ्हाईक कंद घेतो तेव्हा तो प्रत्यक्षात फूल विकत घेत असतो, आणि ते फूल त्याला दिसत नाही. विकणाऱ्यालाही दिसत नाही.

फळ पिकण्याची चिन्हे दिसण्यापूर्वी बागेतल्या फळांचा सौदा करण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली, हे आपण सर्व जाणतो. त्यामागची हिकमत मला माझ्या तीस ट्यूलिपांनी शिकवली. फूल माझ्या हातात नसताना मी फुलाचे पैसे घेतले होते. तीसही जणांचे पैसे मी घरोघरी जाऊन परत केले. कंदांचा तोटा मी सोसला, पण पैसे परत करताना जी शरम वाटली ती मोठी होती.

हा प्रश्न नवा नाही. ट्यूलिप सोळाव्या शतकात तुर्कस्तानातून युरोपात गेला. हॉलंडमध्ये त्याचे इतके वेड लागले की १६३६-३७ च्या हिवाळ्यात कंद जमिनीत असतानाच कागदावर त्यांचे सौदे होऊ लागले. विकणाऱ्याकडे कंद नाही, घेणाऱ्याकडे पैसा नाही, आणि तरी भाव चढत राहिला. फेब्रुवारी १६३७ मध्ये हार्लेम शहरात लिलावाला घेणारे मिळेनात आणि भाव कोसळले. उस्मानी तुर्कांतही १७१८ ते १७३० चा काळ ‘लाला दौर’ म्हणून ओळखला जातो. तेथेही कंदांचे भाव इतके वाढले की सरकारला दर ठरवून द्यावे लागले. लाला आणि अल्लाह हे दोन्ही शब्द एकाच अक्षरांचे, अबजदच्या हिशेबाने दोन्हींची बेरीज ६६, म्हणून तुर्कांना या फुलाचे विशेष प्रेम होते. पण प्रेमातही सौदा न दिसणाऱ्या मालाचा झाला की बिघाड ठरलेलाच.

म्हणून आता मी एकच पद्धत ठेवली आहे. कळी दिसल्याशिवाय भांडे विकायचे नाही. कळी दिसलेले भांडे गिऱ्हाईक डोळ्यांनी पाहून घेतो आणि फूल त्याच्या घरी उमलते. ज्याला कोरडा कंदच हवा असेल त्याला तो कंद म्हणून, कंदाच्या भावात द्यावा आणि फुलाची हमी देऊ नये. पाण्यावर फुलवलेली नर्गिस आणि हायसिंथ आपल्या हवेत पुन्हा फुलण्याची आशा धरू नये, हेही विकतानाच सांगावे. ठाणातला डाग दाखवून विकलेले कापड परत येत नाही, हा आमच्या धंद्याचा अनुभव आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

हे कंद दिसायला कांद्यासारखे असतात, पण खाण्यास विषारी आहेत. आपल्या मुलखात कांदा प्रत्येक घरात पडलेला असतो. म्हणून कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत. फ्रिजमधल्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. लहान मुले, शेळी आणि मांजर यांच्यापासून दूर ठेवावेत. विकताना गिऱ्हाइकालाही हे सांगावे.

दुसरे, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून बॅगेत कंद मागवू नयेत. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे त्यासाठी परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्तीचे प्रमाणपत्र लागते. हा नियम आपल्या शेतकऱ्याच्या पिकाला बाहेरची कीड लागू नये म्हणून आहे. माल बिलासह, परवानाधारक आयातदाराच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा.

पुढची संधी

रमजान ईद दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. चंद्रदर्शनानुसार २०२८ साली ती फेब्रुवारीच्या अखेरीस आणि २०३० साली फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येईल. ऑक्टोबरात फ्रिजमध्ये ठेवलेला हायसिंथ नेमका त्याच सुमारास फुलतो. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाट्यांशेजारी सुंबुलचे एक भांडे कोणाला आवडणार नाही? तोवर दोन-तीन हिवाळे हाताशी आहेत. दहा कंदांपासून सुरुवात करावी, प्रत्येक खेपेची लावण्याची आणि फुलण्याची तारीख वहीत लिहावी. ज्याची वही तयार असेल त्याची ईदची विक्रीही, इन्शा अल्लाह, तयार असेल.